मोहाखालची जाळी

वनरक्षक निखाडे हिरव्या फांदीनं मोहाच्या झाडाखालची आग झोडपत होता. जंगलात शिरायच्या आत ती विझली, पण त्याचं डोकं काही थंड होईना.

“सायत्राबाई, पाचोळा जाळू नका हे सांगून सांगून घसा कोरडा पडला माझा. मोहफुलं झेलायला फुकट जाळी दिली होती. ती काय कुंपणाला बांधली?”

सायत्राबाईनं काखेतली जाळी पुढं केली. कोरी करकरीत, घडीसुद्धा न मोडलेली. “आता अंथरतच होती, साहेब. आधी जागा साफ कराले नको?”

“अहो बाई, जागा साफ करावी लागू नये म्हणूनच तर जाळी. पाचोळ्यावरच अंथरायची. मागच्या आठवड्यात करून दाखवलं, फोटो काढले, ते सगळं पाण्यात गेलं?”

“तुमी दाखवलं तसंच तं केलं,” ती शांतपणे म्हणाली. “त्या दिवशी तुमच्या झाडाखाली एक पान नव्हतं. जमीन काळी होती.”

जाळीचा हिरवा रंग उठून दिसावा म्हणून जळालेल्या जमिनीवरचं झाड निखाडेनंच हौसेनं निवडलं होतं. आणि तो फोटो ‘जाळी अशी अंथरा’ म्हणून आज सकाळपासून चौदा गावांतल्या फलकांवर झळकत होता.