माणसं आणतो

बाप गेल्याचा फोन रेवदंड्याहून आला त्याला दोन दिवस झाले, तरी रूबेन झिराडकर मोठ्यानं रडला नव्हता. भिंतीला कान असतात म्हणतात. आखातातल्या मुसफ्फ्याच्या लेबर कॅम्पात भिंतीच प्लायवूडच्या. त्यांना कानही होते आणि तोंडही.

जानेवारी २००९ मधला सुट्टीचा शुक्रवार होता. गाझावर बॉम्ब पडत होते आणि मेसमध्ये 'यहुदी' हा शब्द शिवीसारखा निघत होता. त्यात मंदी. माणसं घरी पाठवायला कंपनीला निमित्तच हवं होतं. रूबेन यहुदी आहे हे त्याच्या खोलीबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. आडनाव झिराडकर, बोली कोकणातली, मासळीवर जीव. कोण कशाला विचारतंय?

खोलीतला वडीलधारा खैरुद्दीन, मुरुडचा. लहानपणी शनवार तेल्यांच्या, म्हणजे कोकणातल्या यहुद्यांच्या, आळीत खेळलेला. गाझासाठी दुआ मागून तो मशिदीतून लाल डोळ्यांनीच परत आला, तर रूबेन भिंतीकडं तोंड करून पडलेला.

"असा कुढत किती दिवस राहशील? तुमच्यात काय म्हणायचं असतं ते म्हणून टाक की."

"मुलानं कद्दिशची प्रार्थना म्हणायची असते, चाचा. पण एकट्यानं चालत नाही. दहा जण लागतात."

"मग?"

"दहा यहुदी, चाचा."

खैरुद्दीन भडकलाच. "यहुदी कुठून पैदा करू मी मुसफ्फ्यात? माणसं आणतो. चालवून घे."

आणि आणलीच. खोलीतले किसन, सोमनाथ, मुनीर होतेच. समोरच्या ओळीतले कोकणातले गडीही आले. डोकं झाकायचं असतं म्हणून मुनीरनं पेटीतल्या नमाजी टोप्या वाटल्या. एक कमी पडली, तेव्हा किसननं साइटवरचं पिवळं हेल्मेट चढवलं. कुणी हसलं नाही.

रूबेन नुसताच पुटपुटायला लागला.

"बाप तुझा होता ना?" खैरुद्दीन म्हणाला. "मग चोरून काय म्हणतोस?"

तेव्हा कुठं आवाज फुटला, आणि त्याच्याबरोबर रडूही. किसननं सवयीनं आरतीच्या टाळ्या धरल्या. सोमनाथनं त्याचे हात दाबून ठेवले.

दार धाडकन उघडलं. शेजारच्या खोलीतला शौकत. मेसमध्ये यहुद्यांच्या नावानं सगळ्यात जास्त आगपाखड करायचा तो हाच.

"ही कुठली भाषा चाललीय?"

खैरुद्दीन उठला आणि दारात आडवा उभा राहिला.

"हिब्रू. हा यहुदी आहे. बाप गेलाय त्याचा. कॅम्प बॉसला सांगायचं तर जा, सांग. पण सांगशील तेव्हा आम्हां सगळ्यांची नावं सांग."

शौकतनं त्याच्या खांद्यावरून आत पाहिलं. टोप्या, ते हेल्मेट, मधोमध नाक पुसत उभा असलेला रूबेन.

"मला राग आहे यांचा," तो म्हणाला. "आठवडाभर टीव्हीवर पोरांची प्रेतं बघतोय मी."

"मी नाही बघत?" खैरुद्दीन म्हणाला. "पण त्याचा बाप रेवदंड्याला घरातल्या खाटेवर गेला रे."

शौकतनं मान वळवून बाहेर पाहिलं. मग म्हणाला, "कॅम्प बॉस बाहेरच बसलाय. तिथपर्यंत ऐकू जातंय." आणि वळून निघून गेला.

"खलास," सोमनाथ म्हणाला. रूबेननं टोपी काढायला हात वर नेला.

तेवढ्यात शेजारच्या खोलीत टीव्ही लागला. अरबी बातम्या, गाझाच्या. आवाज वाढला, आणखी वाढला, सगळ्या ओळीत दुसरं काही ऐकू येईना इतका वाढला.

"म्हण," खैरुद्दीन ओरडून म्हणाला.

त्या आवाजाच्या आडोशाला रूबेननं पहिल्यापासून सुरुवात केली.