भिंतीची माती

"लोखंडाच्या गोळ्यांनी लेकरू काळं निपजतंय. मी एक गोळी खाल्ली न्हाई, तरी तीन बाळंतपणं निभावली," असं ठणकावून सरजाबाईनं बाळंतपणाला माहेरी आलेल्या लेकीच्या, धम्मप्रियाच्या हातातलं गोळ्यांचं पाकीट काढून घेतलं.

घरी तपासायला आलेल्या जिक्रा सिस्टर चिडल्या नाहीत. "मावशी, आईच्या खाण्यातूनच बाळाची एकेक पेशी घडती. आणि पोरगी आईच्या पोटात असतानाच तिच्या पुढच्या लेकरांची बीजंबी तिच्यात तयार होत्यात. म्हंजे धम्मप्रियाच्या या बाळाचं बीज तुमच्याच पोटात घडलंय."

सरजाबाईनं पाकीट मांडीवर ठेवलं. भूकंपात किल्लारी पडली तेव्हा धम्मप्रिया तिच्या पोटात पाच महिन्यांची होती. पत्र्याच्या शेडात राहताना सरजाबाईला मातीचे डोहाळे लागले. दुपारी ती गुपचूप ढिगाऱ्याकडं जायची आणि आपल्याच घराच्या पडलेल्या भिंतीचा खडा तोंडात टाकायची. इतक्या वर्षांत हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, ते आज या दोघींना सांगून टाकलं.

"रक्त कमी असलं की माती खाऊ वाटती, मावशी," सिस्टर हळूच म्हणाल्या.

सरजाबाईनं पाकीट फोडलं, एक गोळी लेकीच्या तळहातावर ठेवली आणि पाण्याचा तांब्या पुढं केला.

"घे. जुनं गाव मी पोचवलंय लेकराला. लोखंड तेवढं तू पोचव."