निगा

शहापूरजवळच्या, घोड्यांची पैदास करणाऱ्या स्टड फार्मवर सलग दुसऱ्या वर्षी एकही घोडी गाभण राहिली नाही, तेव्हा शेठनी बादल या घोड्याला विकून टाकायचं ठरवलं. त्याला सांभाळणाऱ्या नथूने आधी एकदा डॉक्टरांकडून तपासून घ्या म्हणून त्यांना विनवलं.

मुंबईहून आलेल्या घोड्यांच्या डॉक्टरांनी बादलच्या तपासणीचा रिपोर्ट वाचला. "याच्या इंद्रियाला जंतुसंसर्ग झालाय. तो प्रत्येक घोडीला लागतो, म्हणून गर्भ राहत नाही."

"असा कसा, सायेब? घोडी लावायची नसली तरी मी रोज औषधाच्या पान्यानं धुतो. एक दिस चुकवला नाय."

"रोज?" डॉक्टरांनी रिपोर्ट मिटला. "अरे, त्यानंच कातडीवरचे चांगले जंतू मेले आणि वाईट माजले. नुसतं पाणी पुरे होतं."

बादलने सवयीने नथूच्या ओंजळीत तोंड खुपसलं. बारा वर्षांत पहिल्यांदाच नथूने हात मागे घेतले.