पदकपट्टीचा दाखला

छातीवर लावायच्या जर्मन पदकांच्या कापडी पट्ट्या जमवता जमवता इंजिनियर प्रतापराव शिकागोत त्यांचे जाणकार परीक्षक होऊन बसले होते. शाळेत स्वतःला एकही पदक मिळालं नसल्यामुळे त्यांची नजर अगदी निष्पक्ष होती.

१९८४ सालच्या एका दुपारी शेजारच्या मिसेस क्रेमर वडिलांची पट्टी घेऊन आल्या. तिच्यावरचं एक पदक पहिल्या महायुद्धातलं, दुसरं अग्निशामक दलातल्या पंचवीस वर्षांच्या नोकरीचं. जर्मन क्लब ती वडिलांच्या नावासकट काचेच्या कपाटात ठेवणार होता, फक्त ती अस्सल असल्याचा प्रतापरावांचा दाखला हवा होता.

प्रतापरावांनी पडदे ओढले आणि अल्ट्राव्हायोलेट दिवा लावला. पट्टीची शिवण निळी चमकली.

"हा धागा नायलॉनचा आहे, अलीकडचा. पट्टी नकली."

"जुना धागा कुजला म्हणून मीच शिवली ती. माझे वडील मरेपर्यंत हीच लावायचे. त्यांना नकली म्हणताय?"

"त्यांना नाही, पट्टीला. धागा बदलला की वस्तू खोटी. नियम म्हणजे नियम."

चहा घेऊन आलेल्या रेखाने, म्हणजे त्यांच्या बायकोने, ट्रे टेबलावर आपटला. गळ्यातलं मंगळसूत्र काढलं आणि दिव्याखाली धरलं. काळ्या मण्यांमधला दोरा लख्ख निळा चमकला.

"गेल्या दिवाळीत पुण्याला गेले होते, तेव्हा नव्याने ओवून घेतलंय," ती म्हणाली. "आता दाखले दोन लिहा. आधी आपल्या लग्नाचा."