माझा धाकटा

“वहिनी, लिफ्ट थांबताना हिसका देतेय. मी अवजारं घेऊन येतो, तोवर बाळाला घेऊन जिन्यानंच जा,” धाकट्या दिरानं बजावलं होतं. पण कॉलेज अर्ध्यात सोडून लिफ्टदुरुस्ती शिकलेल्या दिराचं ऐकेल, तर ती इंजिनिअर कसली! “भावजी, हे कुठल्या पुस्तकात वाचलंत?” असं हसत ती लिफ्टमध्ये शिरली.

तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्येच लिफ्ट अडकली. दिवे गेले, बाळानं टाहो फोडला. एवढी महागडी पदवी घेतलेली ती, पण अंधारात तिला साधं अलार्मचं बटण सापडेना.

“वहिनी, दाराला हात लावू नका. मी वरून लिफ्टच्या मोटरचं चाक हातानं फिरवतोय,” दिराचा आवाज आला. लिफ्ट बोटबोटभर सरकत तिसऱ्या मजल्यावर आली आणि दिरानं धावत खाली येऊन दार उघडलं.

जमलेल्यांनी टाळ्या वाजवल्या. “कोण हो हा इंजिनिअर?” कुणीतरी विचारलं.

मुलांची ओळख करून देताना नेहमी थोरल्यापाशीच थांबणारे सासरे छाती पुढे काढून म्हणाले, “इंजिनिअर नाही. माझा धाकटा आहे तो!”

तुमच्याही घरी ओळख करून देताना गाळला जाणारा कुणी असेल. आज त्याला फोन करून विचारा, कसा आहेस म्हणून.