खारी विहीर

लग्न होऊन आली त्याच दिवशी नत्थुजींनी भागीरथेला बजावलं होतं, "आंगणातली विहीर खारी हाय." दर्यापूरकडच्या साऱ्याच विहिरी खाऱ्या, मग शंका कोण घेणार? चाळीस वर्षं तिनं गावाबाहेरून गोडं पाणी डोक्यावर वाहिलं. मान पार कामातून गेली.

यंदा कुठं घरी नळ आला होता; आज त्यालाही पाणी नव्हतं, तशी तिनं रागारागानं विहिरीवरचे पत्रे सरकवले, बादली सोडली आणि ओंजळ तोंडाला लावली. पाणी उसाच्या रसासारखं गोड होतं.

"काहो, चाळीस वर्सं माहा बैल केला तुमी?" ती दारातल्या नवऱ्यावर कडाडली.

नत्थुजी पांढरेफटक पडले. "तू पेली काय व?"

ती तोंड उघडणार, तोच विहिरीतून बाईचा आवाज आला.

"मी याची पयली बायको. मलेबी यानं खारंच सांगतलं होतं व, बाई. मीबी पेली."