दोराचं दुसरं टोक

तीन वर्षांची यशू मूठ पुढे धरून अंगणात उलट्या पावली चालताना दिसली, तशी संघमित्रा सासऱ्यांवर कडाडली, "मामा, काहून शिकवून राहिले तुमी तिला दोर वळणं? माझं लेकरू शाळेत जाणार हाय!"

"म्या न्हाई शिकवलं," किशनराव म्हणाले. "दोर वळाया दोघं लागतेत. एकानं फिरकी फिरवायची, दुसऱ्यानं अंबाडीचे धागे सोडत मागं मागं जायचं. हितं फिरकी तरी हाय का?"

ओट्यावर त्यांनी वसमतच्या रद्दीवाल्याकडून आणलेलं, दोर वळायला शिकवणारं शंभर वर्षांपूर्वीचं छापील पुस्तक उघडं पडलं होतं. चित्रातला माणूस फिरकी फिरवत होता आणि दोर पानाच्या काठाशी संपत होता.

संघमित्रानं ते खाडकन मिटलं. यशू तरी थांबेना. मागं मागं जात ती पार रस्त्याच्या कडेला पोचली होती. संघमित्रानं धावत जाऊन तिला धरलं.

"सोड म्हणते ना!" ती मूठ उघडू लागली. मुठीत काहीच नव्हतं, तरी मूठ उघडेना.

"आई, ओढू नको ना," यशू कुजबुजली. "त्यांना राग येतो."

तेवढ्यात ओट्यावरच्या मिटलेल्या पुस्तकाकडून असा हिसका बसला, की दोघी मायलेकी दोन पावलं पुढं ओढल्या गेल्या.